फोटोतला चष्मा कोणी काढला?

उर्दू आणि मराठी दोन्ही भाषा बऱ्यापैकी लिहिता येतात, म्हणून आमच्या मोहल्ल्यात एक बिनपगारी काम माझ्याकडे आपोआप चालत आले आहे. ते म्हणजे रिश्त्यासाठी मुलामुलींचे बायोडेटा लिहून देणे. मराठी प्रत सांगली-कोल्हापूरकडच्या स्थळांसाठी, उर्दू प्रत मालेगाव-भिवंडीकडच्या स्थळांसाठी. नाव, वालिदचे नाव, शिक्षण, उंची, बहीण-भाऊ किती, मामाचे घर कुठले, हे सगळे लिहून झाले की घरचे मोबाईल पुढे करतात आणि म्हणतात, "आपा, फोटो इथे चिकटवा."

शाळेत असल्यामुळे यातल्या निम्म्या मुली माझ्या हाताखालून गेलेल्या असतात. पाचवीपासून दहावीपर्यंत जिला मी चष्म्याशिवाय कधी पाहिले नाही, तिच्या फोटोत चष्मा नसतो. लेन्स लावली का, असे विचारले तर उत्तर येते, "नाही आपा, भाईने ॲपमधून काढला." दोन-तीन वर्षांपूर्वीपर्यंत हे काम स्टुडिओवाला करायचा आणि त्याचे पैसे घ्यायचे. आता मोबाईलमध्ये फोटो टाकायचा, चष्मा काढ असे लिहायचे किंवा बोटाने चष्म्यावर रेघ मारायची, की पाच-दहा सेकंदांत काम होते.

मुलांच्या बायोडेट्यात मात्र चष्मा जसाच्या तसा असतो. एका अम्मींना मी हा फरक दाखवला. त्या सहज म्हणाल्या, "लडके को चष्मा अच्छा लगता है, पढ़ा-लिखा दिखता है." मुलगाही पढ़ा-लिखा, मुलगीही पढ़ी-लिखी. दोघांचा नंबर बहुधा अभ्यासाच्याच वयात लागलेला. त्याच्या नाकावर बसला तर इल्मची खूण, तिच्या नाकावर बसला तर ऐब! हा हिशेब मला शाळेत शिकवलेल्या कुठल्याच गणितात बसवता आला नाही.

शब्दांचे म्हणाल तर चष्मा हा शब्द फारसीतून मराठीत आला. 'चश्म' म्हणजे डोळा. उर्दूत आपण ऐनक म्हणतो. त्यात अरबी 'ऐन' म्हणजे डोळा, आणि पुढे लहानपणा दाखवणारा फारसी प्रत्यय. ऐनक म्हणजे छोटा डोळा. दोन्ही भाषांनी या वस्तूला डोळाच मानले आहे. बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत राहून काम केलेल्या इब्न अल-हैसम यांनी अकराव्या शतकात 'किताब अल-मनाझिर' लिहिली. प्रकाश वस्तूवरून डोळ्यात येतो, डोळ्यातून किरण बाहेर जात नाहीत, हे त्यांनी प्रयोगांनिशी मांडले. त्या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर युरोपात वाचले गेले आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत पहिले चष्मे तयार झाले. म्हणजे ज्या वस्तूच्या विद्येत आपल्या एका आलिमचा एवढा वाटा आहे, ती वस्तू आपल्या मुलीच्या फोटोतून आपण पुसतो आहोत. असो.

यंत्र नेमके काय करते

भिंतीवरचे चित्र काढले की मागे भिंत असते. तिचा रंग थोडा वेगळा असेल, पण ती असते. फोटोत चष्म्याच्या मागे काहीच नसते. फ्रेमने झाकलेली भुवई, काचेवरच्या चमकेत बुडालेली पापणी, नाकाच्या दांडीवरची त्वचा, यांची नोंद कॅमेऱ्याने केलेलीच नसते. त्यामुळे चष्मा 'काढण्या'साठी यंत्राला तिथे नवीन चेहरा भरावा लागतो. आधी ते चष्म्याची जागा ओळखते, ती जागा कोरी करते आणि मग आजूबाजूचे गाल, कपाळ, प्रकाश पाहून तिथे काय असू शकेल याचा अंदाज चित्राच्या रूपात भरते. आमच्या परीक्षेत गाळलेल्या जागा भरा असा प्रश्न असतो, तसेच हे. हुशार मुलगा उत्तर माहीत नसतानाही वाक्यात बसेल असा शब्द लिहितो. शब्द बसतो, पण खरा असेलच असे नाही.

हा अंदाज यंत्र कुठून शिकते? लाखो फोटो पाहून. अशा कामात फार वापरला गेलेला एक संग्रह हाँगकाँगच्या चायनीज विद्यापीठातील संशोधकांनी 2015 साली खुला केला. त्याचे नाव सेलेबए. त्यात 2 लाखांहून अधिक फोटो आहेत आणि ते सारे प्रसिद्ध व्यक्तींचे. प्रत्येक फोटोवर 40 गोष्टींच्या खुणा केलेल्या आहेत. त्यात चष्मा आहे की नाही ही एक, आणि चेहरा आकर्षक आहे की नाही ही आणखी एक! चष्मा असलेले फोटो शेकडा सहा-सातच. नटनट्या फोटोसाठी चष्मा लावतात कधी? आजची यंत्रे याहून कितीतरी मोठ्या संग्रहांवर शिकतात, पण इंटरनेटवर जे चेहरे जास्त, त्यांचीच छाप त्यांच्यावरही पडते. मग आपल्या मिरजेच्या किंवा लातूरच्या मुलीचे डोळे भरताना ते कोणाचे डोळे भरेल?

2020 साली याचे एक ढळढळीत उदाहरण जगाने पाहिले. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी पल्स नावाची एक पद्धत तयार केली होती. अगदी धूसर, ठिपक्याठिपक्यांचा चेहरा दिला की त्यातून स्वच्छ चेहरा बनवायचा. कोणीतरी तिला माजी अध्यक्ष बराक ओबामा यांचा धूसर फोटो दिला. माणसाच्या डोळ्याला तो धूसर फोटोही ओबामांचा म्हणून ओळखू येत होता. यंत्राने त्यातून गोरा माणूस काढून दिला. ते चूक कबूल करत नाही आणि अडखळतही नाही. जे जास्त पाहिले तेच भरते.

मी स्वतः चष्मा काढलेले फोटो शेजारी मूळ फोटो ठेवून पाहिले आहेत. डोळ्यांखालची काळी वर्तुळे जातात. लहानपणी पडल्यामुळे भुवईत राहिलेली बारीक खोक जाते. एका डोळ्याची पापणी किंचित खाली असेल तर दोन्ही सारख्या होतात. पापण्या दाट होतात. काही ॲप तर सांगितलेल्या जागेवर न थांबता सगळाच चेहरा नव्याने रंगवतात, आणि मग ओठ, हनुवटी, त्वचेचा रंग हेही थोडे थोडे सरकतात. प्रत्येक बदल एवढा लहान की त्यावर बोट ठेवता येत नाही. सगळे मिळून मात्र ती मुलगी राहत नाही, तिची चुलत बहीण होते.

त्यात भिंगाची गंमत आणखी वेगळी. उणे नंबरच्या भिंगातून डोळे असतात त्यापेक्षा लहान दिसतात आणि काचेतून दिसणारी गालाची कड आत सरकलेली असते. अधिक नंबरच्या भिंगातून उलटे, डोळे मोठे दिसतात. म्हणजे जाड भिंगाच्या फोटोत डोळ्याचे खरे माप नसतेच. यंत्राने ते लहान डोळे तसेच ठेवले तर चेहरा चमत्कारिक दिसतो, मोठे केले तर किती मोठे हे ते स्वतःच ठरवते.

वीस सेंटीमीटर

एका मुलीची हकिगत तिच्या परवानगीने सांगते. तिचे नाव आणि गाव देत नाही. बी.एस्सी. झालेली, नंबर दोन्ही डोळ्यांना उणे पाच. भावाने चष्मा काढलेला फोटो स्थळाला पाठवला, त्यांना तो पसंत पडला आणि पाहण्याचा दिवस ठरला. आता पंचाईत झाली. फोटोत चष्मा नाही, मग समोर चष्मा लावून कसे जायचे? घरच्यांनी ठरवले, आज चष्मा नको. लेन्सची सवय नव्हती. आदल्या दिवशी घालून पाहिली तर डोळे लाल झाले.

मुलगी शरबताचा ट्रे घेऊन बाहेर आली. खोलीत बाया होत्या, तिला ओढण्यांचे रंग दिसत होते. मुलाच्या अम्मीऐवजी तिने त्यांच्या शेजारणीला अदबीने सलाम केला आणि खऱ्या अम्मींपुढून तशीच पुढे गेली. मग मुलाला बोलावले. मोठ्यांच्या देखत तो समोरच्या खुर्चीवर बसला, मध्ये दहा-बारा फुटांचे अंतर. त्याने काही विचारले, तिने उत्तर दिले. ते लोक गेल्यावर अम्मीने विचारले, "मुलगा कसा वाटला?" ती म्हणाली, "आवाज चांगला होता."

उणे पाच नंबर म्हणजे काय हे विज्ञान शिकवणाऱ्याला सांगावे लागत नाही. एक मीटरला पाचाने भागा. वीस सेंटीमीटर. त्या मुलीला चष्म्याशिवाय वीस सेंटीमीटरपर्यंतचे स्पष्ट दिसते. शाळेच्या पट्टीपेक्षा कमी! त्यापलीकडचा माणूस म्हणजे धुके. ज्या माणसाबरोबर आयुष्य काढायचे, त्याच्या चेहऱ्याचे धुके पाहून तिने होकार किंवा नकार द्यायचा होता.

निकाहपूर्वी एकमेकांना पाहून घेण्याची मुभा आपल्या शरीअतने दिली आहे. हजरत मुग़ीरा बिन शोबा यांनी एका स्त्रीशी निकाहचा इरादा सांगितला, तेव्हा पैगंबर (स.) यांनी त्यांना तिला पाहून घेण्यास सांगितले, त्याने दोघांत जवळीक टिकण्याची शक्यता वाढते म्हणून. आपल्याकडे या हदीसचा उल्लेख मुलाच्या बाजूने पुष्कळ होतो. उलेमांनी हा हक्क मुलीलाही दिला आहे, तो मात्र आपण विसरतो. फोटोतून चष्मा काढला तेव्हा घरच्यांना वाटले, आपण मुलाकडच्यांना जरा चांगले दाखवतो आहोत. प्रत्यक्षात मुलीची नजरच काढून घेतली गेली. तो रिश्ता जुळला नाही. कारण कोणी सांगितले नाही, पण मध्यस्थी करणाऱ्या खालांनी कानावर घातले की मुलाकडच्या बाया म्हणत होत्या, मुलगी मग़रूर आहे, सलामही करत नाही.

दुसऱ्या बाजूनेही पाहू. स्थळ बघणाऱ्यांची फसवणूक होते का? चष्मा हा काही आजार नव्हे, लपवायचा दोष नव्हे, हे मी आधीच सांगितले. पण जी गोष्ट दोष नाही ती लपवली, की समोरच्याला ती दोष वाटू लागते. बाजारातल्या धान्याच्या ढिगाची हदीस आपण सगळ्यांनी मदरशात ऐकली आहे. पैगंबर (स.) यांनी ढिगात हात घातला, तर आतले धान्य ओले निघाले. पावसाने भिजले, असे व्यापारी म्हणाला. मग भिजलेले वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते, असे त्याला विचारले गेले. मुलगी म्हणजे बाजारातला माल नव्हे, म्हणून हे उदाहरण देताना मला संकोच वाटतो. पण एक साधी बाब त्यातून घेता येते: पाऊस पडला याबद्दल त्या माणसाला कोणी दोष दिला नाही.

चेहऱ्यावरची तेलकट चमक कमी करणे, पार्श्वभूमी साधी करणे, फोटो थोडा उजळ करणे यात मला काही वावगे वाटत नाही. पूर्वी स्टुडिओवाले काचेच्या निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून मुरुमांचे डाग झाकायचेच. आमच्या नानीच्या लग्नाच्या कृष्णधवल फोटोत तिचा शालू नंतर हाताने गुलाबी रंगवलेला आहे, आणि खरा शालू हिरवा होता असे ती मरेपर्यंत सांगायची. फरक एवढाच की शालूवरून कोणी तिला ओळखणार नव्हते.

सरकारी कागदावर

बायोडेट्यात फसगत झाली तर मन दुखते. सरकारी कागदात झाली तर फॉर्म परत येतो, आणि इथे आपली मुले फार घाईने चुका करतात. अमेरिकेने 1 नोव्हेंबर 2016 पासून व्हिसा आणि पासपोर्टच्या फोटोत चष्मा बंद केला. वैद्यकीय कारण असेल आणि डॉक्टरचे पत्र असेल तरच अपवाद. हे वाचून मुले काय करतात? घरातला जुना चष्म्याचा फोटो घेतात आणि ॲपने चष्मा पुसतात. पण त्याच नियमांत संगणक, मोबाईल ॲप किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेने फोटो बदलू नये असेही म्हटले आहे. चष्मा काढा याचा अर्थ नाकावरून काढा आणि पुन्हा फोटो काढा. जाता जाता सांगते, धार्मिक कारणाने डोक्यावरची ओढणी तिथे चालते, चेहरा पूर्ण दिसला पाहिजे एवढेच. कित्येकींना उलटे वाटते: ओढणी काढावी लागेल आणि चष्मा चालेल.

आपल्या देशात पासपोर्ट सेवा केंद्रात मोठ्या माणसांचा फोटो तिथेच काढतात, त्यामुळे हा प्रश्न येत नाही. आधारच्या नोंदणीत उलट सूचना आहे. जो नेहमी चष्मा लावतो त्याचा फोटो चष्म्यासह घ्यावा, फक्त काच रंगीत नको. डोळ्यांच्या बुबुळांची नोंद घेताना तेवढा चष्मा उतरवायचा. नीटच्या माहितीपुस्तिकेत नियमित वापराचा चष्मा चालतो, पण संगणकाने तयार केलेला फोटो चालत नाही असे छापलेले असते. परीक्षेच्या दाराशी तपासणारा माणूस मुलीचा चेहरा आणि प्रवेशपत्र शेजारी धरून पाहतो. दोन वर्षे रात्री जागून अभ्यास केलेल्या मुलीला त्या दाराशी "हा फोटो तुझाच का?" हा प्रश्न नको. दर वर्षीची पुस्तिका वाचावी आणि मगच फोटो चढवावा.

आणखी एक. मोठ्या कंपन्यांची यंत्रे आता बदललेल्या चित्रात खूण ठेवतात. गूगलच्या जेमिनीने केलेल्या चित्रात सिंथआयडी नावाची खूण असते. डोळ्यांना ती दिसत नाही, तपासणाऱ्या यंत्राला सापडते.

मरहूम अब्बांचे डोळे

चष्मा काढण्याची एक मागणी अशी आहे की तिच्यापुढे मला कठोर होता येत नाही. घरात अब्बांचा एकच धड फोटो असतो, कोणाच्या तरी लग्नातला. फ्लॅश चष्म्यावर आदळून दोन पांढरे गोळे झालेले असतात. डोळे दिसतच नाहीत. कोरोनाच्या काळात ज्यांची माणसे घाईघाईत दफन झाली, त्यातल्या काहींकडे एवढीच आठवण आहे. मुले म्हणतात, "आपा, ॲपने ती चमक काढता येते, चष्माही काढता येतो. अब्बांचे डोळे दिसतील."

दिसतील, पण ते अब्बांचे नसतील. चमकेत बुडालेल्या जागेत कॅमेऱ्याने काही टिपलेच नव्हते, हे वर सांगितले. यंत्र कोणत्या तरी साठीच्या माणसाचे शांत, सारखे, पाणीदार डोळे तिथे बसवील. पाच वर्षांच्या नातवाला तेच दादांचे डोळे म्हणून ओळख होईल. खरे डोळे ज्यांनी पाहिले ती माणसे एकेक करून कमी होत जातील आणि ते बनावट डोळेच घरात उरतील. माझ्या परिचयातल्या एका विधवा बाईंनी मुलाने आणलेला असा फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि परत दिला. म्हणाल्या, "ये कोई शरीफ़ आदमी है. तुम्हारे अब्बा ऐसे नहीं देखते थे."

इलाज आहे, पण कष्टाचा. त्या लग्नातले इतर पाहुणे शोधा, त्यांच्याकडे त्याच दिवसाचे फोटो किंवा व्हिडिओ असतील. रेशन कार्ड, बँकेचे जुने पासबुक, कारखान्याचे ओळखपत्र यांवरचे छोटे फोटो बघा. चमक नसलेला एखादा डोळा सापडला, तर चांगला स्टुडिओवाला दोन फोटो जोडून तो खरा डोळा या फोटोत आणू शकतो. हे काम स्टुडिओवाले फार वर्षांपासून करतात. निकाहच्या सामूहिक फोटोत कोणी डोळे मिटले तर दुसऱ्या फोटोतले उघडे डोळे आणतातच. तिथे जोडलेली वस्तू त्याच माणसाची असते. आणि काहीच सापडले नाही, तर ते दोन पांढरे गोळे राहू द्यावेत. बदललेला फोटो हवाच असेल तर मूळ फोटो त्याच्या शेजारी जपून ठेवावा आणि मागे लिहावे की हे डोळे यंत्राने भरले आहेत.

फोटो जातो कुठे

चष्मा काढताना फोटो बहुतेक वेळा आपल्या मोबाईलमध्ये राहत नाही. तो कंपनीच्या संगणकाकडे जातो, तिथे काम होते आणि परत येतो. 2019 साली फेसॲपने म्हातारपणीचा चेहरा दाखवण्याची मौज जगभर पसरली, तेव्हा लोकांनी अटी वाचल्या आणि दचकले. आपण दिलेल्या फोटोचा वापर करण्याची कायमची परवानगी त्या अटींत कंपनीने घेऊन ठेवली होती. फुकट ॲपच्या अटी कोण वाचतो? बायोडेट्यासाठी घेतलेला, घराबाहेर कधी न गेलेला मुलीचा फोटो आपण एका 'ओके'वर देऊन टाकतो.

आपल्या समाजाला तर हा धडा फार कडू रीतीने मिळाला आहे. जुलै 2021 आणि जानेवारी 2022 मध्ये दोन ॲप निघाली. समाजमाध्यमांवर स्वतः ठेवलेले मुस्लिम महिलांचे फोटो उचलून त्यांचा 'लिलाव' मांडला गेला. त्यात पत्रकार होत्या, वकील होत्या, सामाजिक कार्यकर्त्या होत्या. दुसऱ्या प्रकरणात मुंबईच्या सायबर पोलिसांनी अटक केली आणि ज्यांना पकडले त्यांत विशीच्या आसपासचे विद्यार्थी निघाले. त्या ॲपची नावे मी इथे लिहीत नाही, ती नावेच शिवी होती. फोटोच काढू नका असा यावरून निष्कर्ष काढणारे काढतील; त्या महिलांनी तो काढला नाही, त्यांनी उघडपणे तक्रारी नोंदवल्या. आपल्यापुरते एवढे करता येते: बायोडेटा शंभर-दोनशे जणांच्या रिश्ता ग्रुपवर फोटोसकट टाकू नये. मजकूर टाकावा, फोटो विचारणा आल्यावर घरातल्या मोठ्याने समोरच्या घरातल्या मोठ्यालाच पाठवावा. तरीही कोणी गैरवापर केला, तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांविषयीच्या तक्रारींचा वेगळा विभाग आहे आणि तिथे नाव न देताही तक्रार करता येते.

चष्म्यासह चांगला फोटो

इतके सांगितल्यावर "मग काय करायचे?" हे विचारले जाणारच. तक्रार बहुतेक वेळा चष्म्याची नसते, त्यावरच्या चमकेची असते. फ्लॅश बंद करा. मुलीला खिडकीसमोर सरळ न बसवता खिडकी तिच्या बाजूला येईल असे बसवा. चष्म्याच्या काड्या कानावर किंचित वर उचला, म्हणजे काच थोडी खाली झुकते आणि चमक कॅमेऱ्याकडे न येता खाली जाते. हनुवटी एक केस खाली. मोबाईल चेहऱ्यापासून पाच-सहा फूट लांब धरा. जवळून काढला की नाक मोठे आणि चष्मा त्याहून मोठा दिसतो. काचा आधी पुसा, हे सांगायला नको, पण सांगते. नवा चष्मा करायचाच असेल तर चमक रोखणारा थर असलेल्या काचा घ्या. पडद्यापुढे काम करणाऱ्यांना तो एरवीही बरा.

चष्म्याशिवायचा फोटो हवा असेल तर तोही खराच काढता येतो. नाकावरच्या दोन खुणा जायला वेळ लागतो, म्हणून अर्धा-पाऊण तास आधी चष्मा उतरवून ठेवा. मोठ्या नंबरची मुलगी चष्मा काढला की डोळे बारीक करते आणि नजर कुठेच टेकत नाही. अशा वेळी तिला कॅमेऱ्याकडे बघ असे म्हणू नका, तिला कॅमेरा दिसतच नाही. तिच्याशी बोला, आवाजाच्या दिशेने तिची नजर आपोआप येते.

मी बायोडेट्याचा नमुना आता थोडा बदलला आहे. उंचीच्या खाली एक ओळ घातली: चष्मा, आणि पुढे नंबर. दोन फोटो लावते, एक चष्म्यासह आणि एक चष्म्याशिवाय, दोन्ही त्याच दिवशी काढलेले. सुरुवातीला दोन घरांनी ती ओळ खोडायला लावली आणि मी खोडली, बायोडेटा त्यांचा आहे. वर हकिगत सांगितली त्या मुलीने मात्र स्वतः येऊन ती ओळ घालून घेतली. गेल्या महिन्यात तिच्यासाठी इचलकरंजीहून एक बायोडेटा आला. मुलगा सूतगिरणीत हिशेबनीस आहे. त्या घराने माझाच नमुना कुठून तरी मिळवून वापरला होता, उंचीच्या खाली तीच ओळ होती: चष्मा, उणे पावणेसात.